ट्रंकेतली कोरी नळी

जमलेल्या आयाबायांनो, बापमाणसांनो, जयभीम.

आज या शोकसभेत बोलायला उभी राहिले. दुःखानं उभी आहे तशी रागानंही उभी आहे. आत्ताच इथं कुणी म्हणालं, कौसाबाईचं आयुष्य तेवढंच होतं. न्हाई. माझ्या आत्याचं आयुष्य तेवढंच नव्हतं. विहारात, तिच्या फोटोसमोर उभी राहून सांगते.

आत्या जवळा बाजारला जिनिंगवर राबली. कापसाची धूळ खाल्ली, दमा जडला. त्या कमाईतून मला शिकवलं. आज मी शहरात, प्रयोगशाळेत फुफ्फुसावर काम करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं विचारलं, "काय करून राहिलीस गं तिकडं?" मी सांगितलं, फुफ्फुसाच्या पेशींवर काही प्रथिनं असतात. श्वासातून ओढलेलं औषध काही प्रथिनं आत नेतात, काही बाहेर ढकलतात. आत्या हसली. "म्हंजी आपल्या जिनिंगच्या गेटवरचा माणूस! एकाला सोडतो, दुसऱ्याला हाकलतो." बराबर, आत्या. आमच्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं न्हाई कधी.

परवा तिची ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीत दम्याचं औषध ओढायची नळी, इनहेलर, निघाली. कोरी. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. आणि कॅप्सूलची डबी? रिकामी.

तिच्यासोबत जिनिंगवर असायच्या त्या शकुंतलामावशी इथंच बसल्यात. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज गिळायची की चहासंगं. मीच कप द्यायचे. नळी एकदा तोंडाला लागली की सुटत न्हाई म्हणत्यात ना."

गिळायची! अहो, ती कॅप्सूल गिळायची नव्हतीच. नळीत घालून नळी फिरवायची, की ती फुटते, मग आतली पूड श्वासाबराबर ओढायची. मावशी, तुमचा दोष न्हाई. पण तिला सांगितलं कुणी? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, मान वर केली न्हाई. दुकानदारानं दोन्ही वस्तू पिशवीत टाकल्या, "दिवसातून दोनदा" म्हणाला. कशी घ्यायची, ते कुणी सांगायचं? आणि आपण? आपण म्हणत राहिलो, नळी लागली म्हणजे माणूस संपला. सोयरीक मोडेल म्हणून बायका नळ्या लपवतात. काहून? चष्मा लपवतो का आपण?

आणि मी. सगळ्यात जास्त राग मला माझाच आहे. तीन वर्षं मी गेटवरचा माणूस कुणाला आत सोडतो ते बघत बसले. आत्याचं औषध गेटपर्यंत आलंच न्हाई. ते पोटात चाललं होतं. दर रविवारी एसटीडीवरून विचारायचे, "औषध घेतीस ना, आत्या?" "घेते की गं," म्हणायची. खोटं न्हाई बोलली ती. घेऊन दाखव, एवढं एकदा मी म्हणाले न्हाई. समोर बसले होते तेव्हासुद्धा म्हणाले न्हाई.

उद्या सकाळी मी इथंच बसणार आहे. ज्यांच्या घरात नळी लपवलेली आहे त्यांनी घेऊन या. लाजू नका.

आता उभे राहा. नुसतं गप्प उभं राहायचं न्हाई. आधी सगळा श्वास सोडा. आता तोंडानं ओढा, खोल, जोरात. आता धरा, आणि मनात दहापर्यंत मोजा. औषध असं घ्यायचं असतं. शिकवायला एवढाच वेळ लागतो. आत्याला तो कुणी दिला न्हाई.

धरा श्वास. तिच्यासाठी.