आठ तासांची खुर्ची

फुप्फुसांच्या दवाखान्यात मी पुस्तकाआड बसलो होतो. शेजारी एक आजी-आजोबा होते. आजोबांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

"विमानप्रवासाच्या कागदावर सही करतील ना गं डॉक्टर? नातू फोनमध्येच मोठा होतोय."

"का नाही करणार? काल घरात आठ तास पट्टा बांधून खुर्चीत बसलात. प्रवासही तेवढाच."

"दोनदा उठलो."

"विमानातही उठू देतात. हवाईसुंदरीवर खेकसू देत नाहीत."

"चहा गार होता!"

"आठ तासांनंतर ऑक्सिजनच्या यंत्राची बॅटरी किती उरली, ते सांगा डॉक्टरांना."

"चार तासांची."

"मग विमान उशिरा पोचलं तरी काळजी नाही."

त्यांना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या आजी फोनवर बोलतच.

"अगं, सही झाली! विमानतळावर यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेव."

"नातवालाही आण म्हणावं. मांडीवर घेऊन फिरवतो त्याला."