स्वखुशीने

चूक आमच्या बाबांचीच. एक सामना हरल्यावर फुटबॉल अकादमीने कोच सरांना तोंडी हाकललं, वर जर्सी-बॉल परत दिल्याचा कागद मागितला. बाबा रिटायर तलाठी, गावभराचे कागद तेच लिहितात आणि प्रत्येकात 'स्वखुशीने' घालतात. इथेही घातलं, 'सामान देऊन स्वखुशीने काम सोडत आहे.'

मी म्हटलं, "कायची खुशी बाबा? हाकललं न त्यायले!"

"कॉलेज सोडून घरी बसला, अन् मले शिकवून राहिला? कागदात तसंच लिहा लागते."

सरांनी बाबांचा मान राखून सही केली. मग अकादमीवर दावा करायला गोंदियाच्या वकिलाकडे गेले. तो कागद वाचून म्हणाला, "तुम्हाला काढलं कुठे, सर? आप तो खुद गये."

बाबा अजूनही म्हणतात, मजकूर शुद्ध होता. सरांची नोकरी गेली आणि दावाही गेला.