बोमाँटच्या पोटातलं ठिगळ

(कॅनडातलं ओशावा. शनिवार दुपार. गॅरेजात १९६७ची बोमाँट गाडी, पुढची सीट काढून बाजूला ठेवलेली. दिवंगत ओरेस्टची बायको, सत्तरी ओलांडलेली नेट्टी, तिची मुलगी डार्लीन आणि जुन्या गाड्यांच्या क्लबातला विल्फ.)

विल्फ : पुन्हा वाच, डार्लीन. नीट चष्मा लावून वाच.

डार्लीन : लावलाच आहे. एम-वीस. कारखान्याच्या नोंदीत एम-वीसच आहे.

विल्फ : एम-वीस म्हणजे हाताने टाकायचे चार गिअर. आणि ही बया तर आपले आपण गिअर बदलते. हिचा कोड एम-पस्तीस हवा.

डार्लीन : तुमचं पुस्तक अमेरिकन तर नाही ना, अंकल?

विल्फ : आधी तेच उघडलं होतं. सबंध आठवडा चाळलं. मग बायको म्हणाली, अहो, बोमाँट तिकडे विकलीच नाही कधी, त्यात कुठून सापडणार? हे पुस्तक आपल्याकडचंच आहे.

नेट्टी : कशाला डोकं फोडताय? ओरेस्ट सांगायचा ना, कारखान्यातून अशीच निघाली म्हणून. त्याच कारखान्यात कामाला होता तो. त्याला कळत नव्हतं आणि तुम्हाला कळतं?

डार्लीन : मग नोंद चुकली असेल.

विल्फ : मलाही तसंच वाटलं होतं. पण हे बघ, कार्पेटखाली पत्र्याचं ठिगळ आहे. बरोबर गिअरच्या दांड्याच्या जागी. आणि क्लचचं भोकही कोणीतरी बुजवलंय. मला काही उमजत नाही.

डार्लीन : आई, बाबांनी ही जुनी तर घेतली नव्हती?

नेट्टी : नवीकोरी. आमची ओळख व्हायच्या जरा आधी.

डार्लीन : तू पहिल्यांदा कधी बघितलीस?

नेट्टी : ईस्टरला. हिवाळाभर बसनेच यायचा माझ्याकडे. म्हणायचा, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा गंजेल. गाडी भावाच्या शेतावर कोठारात ठेवलीय.

विल्फ : शहाणा माणूस. आम्हीही ठेवतो.

डार्लीन : बाबा आणि मिठाला जपणार? अंकल, भर जानेवारीत मला याच गाडीने शाळेत सोडायचे. मडगार्डं दोनदा गंजून गळून पडली.

विल्फ : मग तर आणखीनच गोंधळ. असो. सोमवारी चार गिअरचा बॉक्स येतोय. ठिगळ कापू आणि मूळचं होतं तसं करू. क्लबाच्या प्रदर्शनात परीक्षक कोड आणि गाडी ताडून बघतात. जुळलं नाही तर प्रदर्शनाच्या दारातूनच परत.

नेट्टी : आणि दर रविवारी मी चर्चला कशाने जायचं?

डार्लीन : मी सोडीन ना तुला.

नेट्टी : मला कोणी सोडायला नकोय. त्या ईस्टरपासून आजवर माझी मी जाते.

विल्फ : अगं, मग शीक की. क्लच म्हणजे काय मोठी विद्या आहे?

नेट्टी : कोणत्या पायाने दाबतात रे, विल्फ?

विल्फ : डाव्या... माफ कर, नेट्टी. तुझा पोलिओ विसरलोच मी.

नेट्टी : थांब. त्या नाताळात त्याची नखं काळी होती.

डार्लीन : कोणाची?

नेट्टी : तुझ्या बापाची. आमचा युक्रेनी नाताळ, जुन्या पंचांगाने जानेवारीत येणारा. माझी आई त्याला वाढताना पुटपुटली होती, पोरगा चांगला आहे, पण हात धुवत नाही.

डार्लीन : म्हणजे हिवाळाभर काकांच्या कोठारात बाबा...

नेट्टी : ईस्टरला चर्चबाहेर किल्ली थेट माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, माझ्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या आहेत, मला नाही जमायचं. तर म्हणाला, हिला डावा पाय लागतच नाही. कारखान्यातून अशीच निघाली.

विल्फ : नवे चार गिअर काढून टाकले? त्या काळी पोरं जीव टाकायची त्यावर.

नेट्टी : आणि मी जन्मभर त्याला चिडवलं, आपोआप गिअरची बायकी गाडी घेतलीस म्हणून. कामावरचेही हसायचे. नुसता ऐकून घ्यायचा. इतका राग आलाय ना मला त्याचा. एकदा तरी सांगायचं मेल्याने.

डार्लीन : आई, रडू नकोस गं.

नेट्टी : रडू नाहीतर काय करू.

डार्लीन : अंकल, तो बॉक्स परत पाठवा.

विल्फ : पाठवतो. पण परीक्षक कोड विचारणारच. त्यांना काय सांगू?

नेट्टी : सांग, कारखान्यातून अशीच निघाली. आणि ती सीट जागेवर लाव आता, उद्या मला चर्चला जायचंय.