बंद हॉस्टेलला गेलेली बिर्याणी

लॉकडाउनमधली माझी पहिली बिर्याणी कोणी खाल्ली, माहितीये? मी आवडी नावाच्या उपनगरात घरी, कॉलेज मोबाइलवर आणि बाहेरच्या खाण्यावर आईची बंदी. तीन महिने मुकाट दुधी गिळला. मग एकदा आई आंघोळीला गेल्यावर गुपचूप ऑर्डर टाकली आणि गेटपाशी जाऊन उभा राहिलो. फोन आला तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शोळिंगनल्लूरहून, माझ्या हॉस्टेलवरून! ॲपमध्ये पत्ता अजून हॉस्टेलचाच होता. तिथे कुलूप, राहायला एकटे वॉचमन अण्णा. फोनवर तेच होते. रडवेला होऊन म्हणालो, "अण्णा, आता तुम्हीच खा."

"खातो, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले. "ही या आठवड्यातली चौथी. पण तुझ्या मित्रांना सांग, एखाद्याने तरी इडली मागवावी. रोज बिर्याणी सोसत नाही रे!"