राजवाड्यातलं चौघांचं टेबल

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं आकाशपाताळ एक करायला काय झालं? साधं जेवायचं टेबल ते!" साधं? तुम्हीच सांगा, ज्या टेबलासाठी सकाळी सहाच्या ठोक्याला, हातात फोन धरून, श्वास रोखून बसावं लागतं, ते टेबल साधं कसं असेल? आणि तेही कधी? साठ दिवस आधी! आज सकाळी नाही, उद्या सकाळी नाही... साठ दिवस आधी!

झालं काय, की आमच्या घरानं सहलीला जायचं ठरवलं. थीम पार्कला. उलटे टांगणारे पाळणे, पाण्यात आपटणाऱ्या होड्या, आणि अस्वलाचा पोशाख चढवून घामानं निथळत आपल्याशी हात मिळवणारी माणसं, असलं ते प्रकरण. त्याच्या मधोमध एक राजवाडा आहे, खोटा, आणि त्या खोट्या राजवाड्यात एक खरं रेस्टॉरंट आहे. पाळण्यांना रांग लावली की झालं, पण ह्या रेस्टॉरंटात ऐनवेळी गेलात तर दारातला भालदार भाला इंचभरसुद्धा बाजूला करत नाही. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि उघडल्या उघडल्या संपतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे नखरे असलेल्या ठिकाणी जेवायची हौस कुणाला? मला नाही हो! मी काय, हातात पाव घेऊन पाळण्यात बसेन. हौस होती आईला. म्हणजे ती तसं म्हणाली नाही, आमची आई काही म्हणतच नाही, तोच तर घोटाळा आहे. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे ती. पहाटे पाचला जाते, दोनशे मुलींना वाढते, दुपारी घरी येऊन मला, बाबांना आणि आजोबांना वाढते, आणि मग ओट्याला टेकून, उभ्यानं, पातेल्याच्या बुडाशी जे काही राहिलं असेल ते खरवडून खाते. मी जन्मल्यापासून तिला बसून गरम जेवताना पाहिलेलं नाही. तर त्या रेस्टॉरंटचा एक व्हिडिओ मी तिला दाखवला. एक बाई येते, वाढपी तिच्यासाठी खुर्ची मागे ओढतो, तिच्या मांडीवर रुमाल पसरतो, ताटलीवरचं झाकण उचलतो, वाफ येते... दीड मिनिटाचा व्हिडिओ! आईनं तो तीनदा पाहिला. आणि हळूच म्हणाली, "अगंबाई, हिला मध्ये एकदाही उठावं लागत नाही का गं?"

बस्स. मी म्हटलं, जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, पण त्या खुर्चीत मी हिला बसवणार!

पण आमच्या घरात काही ठरवायचं म्हणजे आधी थोरामोठ्यांसमोर मांडावं लागतं. मांडलं. "चौघांचं टेबल घेऊ. साठ दिवस आधी बुकिंग करायचंय." बाबा म्हणाले, "साठ दिवसांनी भूक लागणार की नाही ते आज कसं सांगायचं? भूक काय बस आहे, इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी येणार म्हणायला?" मी म्हटलं, बाबा, तुम्हाला गेली सत्तावीस वर्षं बरोब्बर साडेबाराला भूक लागतेय, बस उशिरा येते हो, तुमची भूक कधी उशिरा येत नाही! तर म्हणाले, "वकीलीणबाई, उलट बोलू नका." मला घरात वकीलीणबाई म्हणतात. एकही खटला आजवर जिंकलेला नाही मी ह्या घरात, पण म्हणतात.

मग आजोबा. आजोबांनी मोठा उसासा टाकला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साठ दिवस? माझं राहू दे बाई. साठ दिवसांनी मी असेन, नसेन..." आणि हे कोण बोलतंय? ज्यांनी परवाच दुकानदाराशी भांडून दहा वर्षांच्या हमीची गादी आणलीय! दहा वर्षं पाठ टेकायची खात्री आहे, साठ दिवसांनी सूप प्यायची नाही!

"आणि मी काय म्हणतो," बाबा म्हणाले, "एवढं कशाला? तिथं जाऊन समोरासमोर बोलू. माणूस माणसाला नाही म्हणत नाही." म्हणतो हो, बाबा! तुम्हीच म्हणत होतात! चौतीस वर्षं एका कार्यालयात बसून हा माणूस लोकांचे अर्ज तपासत होता. तपासत म्हणजे परत पाठवत. तारीख उजवीकडे हवी ती डावीकडे घातलीय, जा परत. सही रेघेच्या वर आलीय, जा परत. आणि हे मला सांगणार, माणूस माणसाला नाही म्हणत नाही!

तर ते असो. तो दिवस उजाडला. साठ दिवस आधीचा! साडेपाचपासून मी तयार. फोन काठोकाठ चार्ज केलेला, अंगठा धुऊन पुसून कोरडा. सहा वाजले, पान उघडलं, आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना... खिडकीजवळचं, चौघांचं, संध्याकाळी साडेसातचं टेबल! रिकामं! मी दाबलं. तर काय यावं? 'हे टेबल सध्या अन्य ग्राहकाच्या ताब्यात आहे. कृपया प्रतीक्षा करा.' आणि खाली घड्याळ उलटं धावतंय, दहा मिनिटं, नऊ अठ्ठावन्न, नऊ सत्तावन्न...

कोण हा अन्य ग्राहक? कुठल्या खंडात बसलाय मेला? दोन बटणं दाबायची असतात, त्याला दहा मिनिटं? मी मोठमोठ्यानं बोलायलाच लागले. "अरे घे तरी, नाहीतर सोड तरी! कसला ऐदी माणूस आहे! ह्याच्या घरी कुणी ह्याला हलवत नाही का?" तर आतल्या खोलीतून आवाज, "जरा हळू गं! मी महत्त्वाच्या कामात आहे!" म्हटलं असेल. मी आपली घड्याळाकडे बघतेय. पाच मिनिटं. चार. तीन. आणि आतून पुटपुटणं येतंय... "नियम क्रमांक सोळा... ग्राहकाने... हं... कळवणे बंधनकारक राहील..."

फोन हातात तसाच धरून उठले.

धावत आत गेले. बाबा! नाकावर चष्मा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन, समोर रेघांची वही, आणि हा माणूस त्या रेस्टॉरंटचे नियम एकेक करून उतरवून घेतोय! अन्य ग्राहक! माझ्याच घरातला! म्हटलं, "बाबा, दाबा!" म्हणाले, "सतराव्यावर आलोय. एकूण बेचाळीस आहेत." "दाबा हो, मान्य आहे म्हणून दाबा!" "न वाचता मान्य? मान्य असल्याशिवाय मान्य कसं म्हणू?" "चाळीस सेकंद राहिलेत!" "हे बघ, मुलीवर सगळा भार नको म्हणून मी मुद्दाम लवकर उठलो..." मी फोनवर झडप घातली, त्यांनी तो छातीशी घट्ट धरला, एवढ्यात टुंग! वेळ संपली. टेबल सुटलं. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते जगाच्या पाठीवरच्या कुठल्या तरी अशा घरानं उचललं, जिथले वडील नियम वाचत नाहीत.

बाबा चष्मा काढून म्हणाले, "बघ. घाई केली की असं होतं."

मग उरलं काय? स्वयंपाकघराच्या दारालगत, जाण्यायेण्याच्या वाटेवर, चौघांचं. चार वाजून दहा मिनिटांनी. ना दुपार ना संध्याकाळ. ही काय वेळ आहे? ह्या वेळी राजाच काय, राजवाड्यातला कुत्रासुद्धा जेवत नसेल! पण घेतलं. डोळे मिटून बेचाळीसच्या बेचाळीस नियम मान्य केले आणि घेतलं. दुपारी आई आली, तिला भीत भीत वेळ सांगितली. तर तिचा चेहरा हा असा फुलला! म्हणाली, "चार दहा? उत्तम की गं! माझी जेवायची वेळच ती." आता ह्यावर रागवायचं कुणावर, सांगा.

इथं थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! बाबांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, एकटीच राहते, पलीकडच्या गल्लीत, आणि तिला कानोसा घ्यायला फोनची तशी गरज नाही. "ताई, टेबल मिळवलं बरं का! मी मिळवलं!" मी! ऐकलंत? मी! पलीकडून एक हुंदका. "मिळव हो. मला कोण विचारतंय. मला आपलं पाळणाघरात सोडलेल्या पोरासारखं फोन करून सांग, आम्ही चाललो म्हणून." अर्ध्या तासात ती आमच्या सोफ्यावर. "मी नाही हो खुर्ची मागत. मी आपली कोपऱ्यात उभी राहीन. तिथं गार असतं का रे? शाल आणू?"

"ताई, तुझ्याशिवाय कशी सहल? एक खुर्ची सरकवून घेऊ," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "नियम काय म्हणतो?" आणि त्यांनी, अहो अभिमानानं, वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "नियम सतरा. टेबलास जादा खुर्ची कोणत्याही परिस्थितीत लावता येणार नाही."

आता मोजा. माणसं पाच, खुर्च्या चार. आणि कमाल बघा, कुणी कुणाला काही सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण तीन माना एकाच वेळी वळल्या. कुठे? स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथून पदराला हात पुसत आई म्हणाली, "त्यात काय एवढं? तुम्ही चौघं बसा. मी नंतर बसते."

नंतर बसते! साठ दिवस आधी! सगळं जग साठ दिवस आधी जागा धरतं, आणि माझ्या आईनं साठ दिवस आधी जागा सोडली! म्हटलं, "आई, ते हॉटेल आहे, तिथं नंतर नसतं!" मग मी एकेकाला धरलं. बाबा, तुम्ही बसू नका. "मी? आणि मग नियम कोण सांभाळणार?" आजोबा? "माझं राहू दे, मी नाही जेवलो तरी..." एवढं बोलून ते थांबले, आणि सगळ्यांनी "छे छे, असं कसं" म्हणेपर्यंत थांबूनच राहिले. आत्या? "मी तर आधीच म्हटलं, कोपऱ्यात उभी राहीन. फक्त माझे गुडघे..."

मग माझंच डोकं फिरलं. ताडकन उठले, टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "आई बसणार म्हणजे बसणार! मी नंतर बसते!"

तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा ह्या घरात माझ्या बोलण्यावर कुणी वाद घातला नाही. आत्याचे डोळे भरून आले. "आईवर गेलीय हो पोर, अगदी आईवर!" आजोबा म्हणाले, "शहाणी आहे." शहाणी! दोन पदव्या घेतल्या तेव्हा कुणी म्हणालं नाही, उपाशी राहते म्हटल्यावर शहाणी!

पण म्हटलं चालेल. मी उपाशी राहीन, पण आई बसेल ना? बसेल ना त्या खुर्चीत? तर आई जवळ आली. माझ्या कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाली, "वेडी का तू? तुला बाहेर उभी करून माझ्या घशाखाली घास उतरेल? आपण दोघी नंतर बसू."

दोघी. नंतर.

वकीलीणबाई कोर्टातच गार पडल्या! म्हणजे हिशेब काय झाला? टेबल चौघांचं, जेवणारी माणसं तीन. म्हटलं, निदान आता तरी कुणी म्हणेल, अरे, एक खुर्ची रिकामी राहतेय की...

म्हणालं! आत्याच म्हणाली. "बरं झालं बाई, माझ्या पर्सची सोय झाली. खाली जमिनीवर ठेवायची मला अगदी नको वाटते."