सासूबाई घरात असताना शिजवलेलं बीफ

नाही, पण कुणी सांगितलं होतं? तुम्हीच सांगा, कुणी सांगितलं होतं त्या उपेंद्रला बागेच्या भिंतीवरून मान काढून विचारायला, "डर्मट, काही खावंसं वाटतंय का?" अरे, विचारायचं तर चहाचं विचार, हवेचं बोल, आयर्लंडमध्ये हवा दिवसातून चार वेळा बदलते ती लोकांना बोलायला विषय मिळावा म्हणूनच ना... पण नाही! हा उपेंद्र म्हणजे, तुम्हाला सांगतो, ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करणारा माणूस. समोरच्याने काहीही मागितलं की याच्या तोंडून आधी 'नो प्रॉब्लेम' निघतं आणि मग डोकं चालू होतं. पलीकडचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा डर्मट म्हणाला, "बीफ. मश्रूम घालून, क्रीममध्ये. ब्रीडा दर गुरुवारी करायची." आणि हा म्हणाला, "नो प्रॉब्लेम!"

नो प्रॉब्लेम! कोथरूडला वाढलेला तू, तुझ्या घरी अंडं उकडायचं तर वेगळं पातेलं, तेही गॅलरीत, आणि शेजारच्या काकू गावाला गेल्या असतील तर! उभ्या जन्मात कोंबडी कापलेली बघितली नाहीस आणि म्हणे नो प्रॉब्लेम!

बरं, दिवस कुठले? दोन हजार वीसचा मे महिना. सगळं बंद. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. सत्तरीच्या वरच्यांनी घरात कोशात बसायचं, त्यांच्याकडे कुणी आत जायचं नाही. आणि अशात एप्रिलमध्ये डर्मटची बायको ब्रीडा गेली. अंत्ययात्रेला माणसं दहा. बाकी सगळी टॅला या उपनगरातली यांची ती गल्ली आपापल्या फाटकाशी उभी, दोन-दोन मीटरवर, गाडी समोरून गेली तशा माना खाली... उपेंद्र आणि त्याची बायको नंदिनी पण उभे होते. त्यानंतर डर्मट नुसता चहा आणि टोस्ट. कारण सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने स्वयंपाकघरातली दोनच यंत्रं हाताळलेली, किटली आणि टोस्टर. मुलगी आहे, पण ती कॉर्ककडे रिंगास्किडीला, औषधांच्या कारखान्यात. तिला यायची परवानगी नाही. ती रोज नंदिनीला फोन करायची, "बाबा खातो का गं? मला विचारलं की म्हणतो, ग्रँड, आय'म ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, एकदम मजेत.

कसला ग्रँड! नंदिनी हॉस्पिटलात डॉक्टर, तिने एकदा खिडकीतून बघितलं आणि उपेंद्रला म्हणाली, "अरे, तो माणूस चालताना पँट हाताने धरतो. तीन आठवड्यांत सहा-सात किलो तरी उतरलाय. हे असंच चाललं तर मला त्याला वॉर्डातच भेटावं लागेल, आणि आत्ता आमच्या वॉर्डात कुणी न आलेलं बरं." म्हणून तर बिचारा विचारायला गेला. हेतू चांगला हो! हेतूला कोण काय म्हणतंय?

पण घरात सासूबाई!

हे सांगायचंच राहिलं. अलकनंदाबाई, राहणार नागपूर, जानेवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या आणि विमानंच बंद झाली. तेव्हापासून ते स्वयंपाकघर उपेंद्रचं राहिलं नव्हतं. फ्रिजमध्ये कुठला डबा कुठे, हे त्यांना झोपेत पाठ. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, त्या वरच्या प्रेसमध्ये त्यांनी देव मांडलेले. खालच्या प्रेसमधली भांडी मोजलेली. आणि या घरात बीफ!

नंदिनी ड्यूटीला निघताना बूट घालता घालता म्हणाली, "कर तू. ते बरोबरच आहे. फक्त आईला कळू देऊ नकोस." वा! म्हणजे हत्ती आण, पण पाऊल वाजू देऊ नकोस!

आता रेसिपी. डर्मटने भिंतीवर एक कार्ड ठेवलं, वर दगड ठेवला, आणि दोन मीटर मागे सरकला. ब्रीडाच्या हातचं कार्ड, कोपरे तेलकट. उपेंद्रने वाचलं आणि डोक्याला हात लावला. 'लोण्याचा बरासा गोळा.' बरासा म्हणजे किती? 'क्रीम, पुरेल इतकं.' कुणाला पुरेल? 'होईपर्यंत शिजवणे.' अरे, काय होईपर्यंत? आणि सगळ्यात वर, 'मांस: युवर मॅनकडून, नेहमीचं.' आता युवर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो आपला अमका'. पण कुठला अमका? "डर्मट, हा युवर मॅन कोण?" तर डर्मट म्हणतो, "युवर मॅन! कोपऱ्यावरचा!" "त्याचं नाव?" "नाव कशाला? युवर मॅन!" झालं!

गेला शेवटी कोपऱ्यावरच्या खाटकाकडे. बाहेर रांग, पायाखाली पिवळ्या पट्ट्या. उपेंद्र नजर कुठे ठेवायची ते न कळून छताकडे बघत आत शिरला. खाटीक मोठा, लालबुंद, प्रेमळ. "हाऊ'ज यॉरसेल्फ! काय देऊ?" उपेंद्र छताला म्हणाला, "नेहमीचं." "कुणाचं नेहमीचं?" "ब्रीडाचं." खाटकाचा सुरा थांबला. मग तो आत गेला, एक तुकडा घेऊन आला, स्वतःच त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या, कागदात नीट गुंडाळल्या आणि म्हणाला, "डर्मटला सांग, विचारत होतो." तेव्हा उपेंद्रने पहिल्यांदा छतावरची नजर खाली आणली.

बरं, ठेवायचं कुठे? फ्रिज सासूबाईंचा. मग बागेतल्या शेडमध्ये, बर्फ भरलेल्या पिशवीत, गवत कापायच्या यंत्रामागे. रात्रभर याला झोप नाही. कोल्हा आला तर? टॅलात कोल्हे फिरतात हो! आणि भांडं? घरातलं भांडं वापरलं तर ते टाकूनच द्यावं लागणार. तेव्हा डर्मटने ब्रीडाचा तवाच दिला. बिडाचा, काळा, खोल. भिंतीवरून उचलताना उपेंद्रचं मनगट कडकन वाजलं. म्हणालेला ना, नो प्रॉब्लेम... उचल आता!

गुरुवार, दुपारचे दोन. सासूबाई दोन ते चार झोपतात, अगदी घड्याळ लावून. उपेंद्रने कंपनीच्या कॉलवर स्वतःचा आवाज बंद केला, वरची प्रेस उघडली, देवांना "सॉरी" म्हणाला, प्रेस लावून घेतली. कांदा चिरला. लोण्याचा बरासा गोळा टाकला. मग कागद उघडला. डोळे अर्धे मिटून त्याने त्या पट्ट्या चिमट्याने उचलल्या आणि सगळ्या एकदम तव्यात टाकल्या. एकदम! त्याला पाणी सुटलं, ते लोण्यात मिसळून ताडताड उडायला लागलं, याने गॅस मोठा केला, लोणी जळलं, धूर झाला, तेवढ्यात कानातल्या हेडफोनमधून मॅनेजर, "उपेंद्र, रिलीज कधी करायचा?" आणि त्याच क्षणी छतावरचा धुराचा अलार्म. पींऽऽ पींऽऽ पींऽऽ!

आणि दारात सासूबाई.

"काय जळून राहिलं हे?"

उपेंद्रच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात टॉवेल, तो अलार्मखाली टॉवेल फिरवतोय. "काही नाही, आई... जरा..."

"कांदा तं कळून राहिला मला. त्याच्यात काय आहे?" त्यांनी पदर नाकाला लावला. "मटण आहे काय?"

"नाही."

"मग?"

अलार्म थांबला. नेमका तेव्हाच थांबायचा होता त्याला!

"दुसरं आहे," उपेंद्र म्हणाला.

त्यांनी तव्याकडे बघितलं नाही. वरच्या बंद प्रेसकडे बघितलं. मग याच्याकडे. उपेंद्रला वाटलं आता नंदिनीला फोन, आता रडणं, आता विमान मिळेपर्यंत उपास... तो भडाभडा बोलायला लागला. डर्मट, ब्रीडा, गुरुवार, पँट हाताने धरतो, मुलगी येऊ शकत नाही, मी खाणार नाही हो, मी शिवणारसुद्धा नव्हतो, चिमटा आहे बघा...

"त्या म्हाताऱ्यासाठी?"

"हो."

"चार दिवस झाले, त्यायच्या वरच्या खोलीचा पडदा नाही उघडला," सासूबाई म्हणाल्या. "मी रोज पाहते." मग एकदम आवाज चढला, "पण माझ्या सैपाकघरात नाही! बाहेर! सगळं बाहेर न्या!"

गेला बाहेर! कॅम्पिंगचा छोटा गॅस शेडमधून काढला, बागेतल्या टेबलावर मांडला, वर तवा. वारा असा की ज्योत आडवी. पलीकडे डर्मट भिंतीशी खुर्ची घेऊन बसलेला, कोट घालून, नाटकाला आल्यासारखा. आणि मग पाऊस. आलाच! एका हातात छत्री, ती पण तव्यावर, स्वतः भिजतोय, खिशात मॅनेजर कुरकुरतोय. आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत, बागेकडे पाठ करून, नाकाला पदर लावून सासूबाई उभ्या.

"मी पाहून नाही राहिले," त्या म्हणाल्या.

"बरं."

"फक्त ऐकू येऊन राहिलं. तो आवाज बरोबर नाही. पाणी सुटलं नं त्याला? सगळं काढा बाहेर. थोडं थोडं टाका. गर्दी केली की ते उकडते, भाजत नाही."

उपेंद्रने काढलं. थोडं थोडं टाकलं. आवाज बदलला. चर्रऽऽ!

"हां. आता."

"काय म्हणतायत त्या?" भिंतीवरून डर्मट.

"गर्दी करू नको म्हणतायत."

"दोन मीटर!" डर्मट म्हणाला आणि त्याला स्वतःलाच खोकल्यासारखं हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग मश्रूम. ते पाणी सोडतात, आटायला वेळ लागतो, हा ढवळतोय, ढवळतोय... "सारखं ढवळू नका हो! त्याला जरा एकटं राहू द्या!" सासूबाईंनी पदर इंचभर खाली घेतला, हुंगलं, परत वर. "आता जमलं. आता काय टाकायचं?"

"क्रीम, आई. मलई."

"थांबा!" त्या ओरडल्या तशी छत्री हलली आणि उपेंद्रच्या कॉलरमधून गार पाणी थेट पाठीत. "उकळत्यात मलई टाकता काय? फाटन नं ती! कढी करत नाही काय आपण? गॅस बंद करा. वाटीत मलई घ्या, त्यात तो रस्सा चमचाभर टाका, हलवा, अजून चमचाभर... तिला गरमाची सवय होऊ द्या. मग टाका."

कुणाला माहीत होतं, की नागपूरची कढी आणि ब्रीडाचं बीफ यांची नाडी एकच असेल म्हणून! मलई फाटली नाही. गुळगुळीत, बदामी रस्सा झाला. उपेंद्रने ताटली भरून भिंतीवर ठेवली आणि दोन मीटर मागे सरकला.

डर्मटने घास घेतला. चावला. दुसरा घेतला. उपेंद्र छत्री धरून उभा. खिडकीत सासूबाईंची पाठ ताठ. डर्मट खातच होता, हळूहळू, मान खाली घालून, आणि नाकावरून पाणी ओघळत होतं. ते पावसाचं का आणखी कसलं, कोण बघतंय? ताटली पाव लावून पुसून काढली त्याने.

"ग्रँड?" उपेंद्रने विचारलं.

डर्मटने तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुला खरं सांगू का? मला मश्रूम आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत."

काय?

म्हणजे... काय? हा माणूस शेडमध्ये कोल्ह्यांची राखण करून, देवांना सॉरी म्हणून, सासूबाईंच्या समोर जन्मभराचा बाटून, पाठीत गार पाणी घेऊन उभा आहे, आणि हा म्हणतो...

"मग मागितलं कशाला?" उपेंद्र खरंच ओरडला. "सेहेचाळीस वर्षं खाल्लं कशाला?"

"लग्नानंतर पहिल्या गुरुवारी तिने केलं. विचारलं, कसं झालंय? मी म्हणालो, लव्हली." डर्मटने खांदे उडवले. "मग पुढच्या गुरुवारी काय सांगणार? आणि परवा तू विचारलंस, काय खावंसं वाटतंय... मला काहीच खावंसं वाटत नव्हतं रे. मला फक्त गुरुवार हवा होता."

डर्मटने रिकामी ताटली भिंतीवर ठेवली, त्यावर दगड ठेवला, आणि आत गेला. थोड्या वेळाने त्याच्या वरच्या खोलीचा पडदा सरकला.

"काय म्हणाले?" खिडकीतून सासूबाई. पाठ अजून तशीच.

उपेंद्रने सांगितलं. सगळं सांगितलं. सासूबाई चक्क वळल्या, खिडकीतून बाहेर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "नंदिनीच्या बाबांना माझी आंबाडीची भाजी नव्हती आवडत."

"त्यांनी सांगितलं कधी?"

"नाही नं. छत्तीस वर्षं 'छान झाली' म्हणून खाल्ली. पण मला माहीत होतं. चेहऱ्यावर दिसते."

"मग तुम्ही का करायचात?"

"पाहत होती," सासूबाई म्हणाल्या, "कधी बोलतात." आणि पदर तोंडाशी नेला, पण आता वासासाठी नाही. "नाहीच बोलले."

आता बोला! तुम्हाला सांगतो, उपेंद्र ओल्या कपड्यांनी तिथेच पायरीवर बसला आणि त्याने मनाशी ठरवलं, की आपल्या घरात हे असलं काही चालू द्यायचं नाही. नवराबायकोत खरं ते खरं, आवडलं तर आवडलं, नाही तर नाही, स्पष्ट, आजपासून, आत्तापासून!

साडेसहाला नंदिनी आली. बारा तास मास्क लावून गालावर वळ उठलेले. आंघोळ करून आली तर घरात ही एवढी शांतता, आई पोथी वाचतेय, नवरा शिंकतोय, कुणी काही सांगेना. तिला वाटलं, बिचारा दिवसभर दमलाय. म्हणाली, "बस तू, आज मी करते." आणि तिने उपमा केला. नंदिनीचा उपमा. चमचा उभा केला तर पडत नाही, आणि आत कच्च्या रव्याच्या गाठी. समोर येऊन बसली, हनुवटी हातावर टेकवली, थकलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"कसा झालाय रे?"

उपेंद्रने घास गिळला. जरा अडकला, पाणी प्यायला, परत गिळला.

"छान," तो म्हणाला. "अजून थोडा वाढ."