दहा मिनिटं नुसतं बसायचं

अगं, पंचेचाळिसाव्या वर्षी बारावीला बसलेय ना मी, त्याचीच गंमत सांगते. पहिल्या खेपेला इतिहासात नापास झाले. तेव्हा लेक म्हणाली, "आई, पाऊण तास अभ्यास कर, मग दहा मिनिटं विश्रांती घे." त्या दहा मिनिटांत मी कणीक मळायचे, कपडे वाळत घालायचे आणि परत पुस्तकासमोर बसून पेंगायचे.

"आई, ही विश्रांती नव्हे, कामाची दुसरी पाळी आहे!"

यंदा पास व्हायचंच, म्हणून परवा गॅलरीत नुसती बसले. शेजारच्या सुमनताई घाबरून धावत आल्या.

"अहो, बरं नाही का?"

"बरी आहे. अभ्यासातली विश्रांती घेतेय. बसा तुम्हीही."

त्या बसल्या आणि मिनिटभरात उठल्या. "बाई गं, नुसतं बसणं भलतंच अवघड आहे हो!"

म्हटलं, "म्हणून तर परीक्षेपर्यंत रोज सराव करणार आहे."